तिळाचे लाडू दगड होतात, चिकटतात किंवा फुटतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

संक्रांत आठवड्यावर आली की आमच्या भागात तोच प्रश्न सुरू होतो. कुणाचा लाडू दाताने तुटत नाही, कुणाचा वळलाच जात नाही, कुणाचे लाडू दुसऱ्या दिवशी डब्यात एकमेकांना धरून बसतात. शेजारच्या घरी, बचत गटाच्या ऑर्डरला, सासरी पहिली संक्रांत करणाऱ्या मुलींसोबत अशा बऱ्याच कढयांपाशी मी उभी राहिले आहे. बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: पाक उतरवायच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात. तरी आधी नाव तिळाचं घेतलं जातं, मग गुळाचं, मग दुकानदाराचं. नवा गूळ आणला जातो आणि पुन्हा तसाच लाडू होतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवला आहे: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, ज्यासाठी काही विकत आणावं लागतं ते नंतर, आणि ज्यासाठी माणूस बोलवावा लागतो ते शेवटी. मधलं काही गाळू नका. पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच बहुतेकांचं काम होऊन जातं.

आधी लक्षण नीट ओळखा

लाडू कडक आहे, पण चव चांगली आहे, रंग सोनेरी आहे: पाक पुढे गेला.

लाडू कडक आहे आणि कडूही आहे: पाक करपला, किंवा तीळ जास्त भाजले गेले. दोन्हींची कडवट चव वेगळी लागते. करपलेल्या गुळाचा कडूपणा जिभेच्या मागे बराच वेळ राहतो. जळलेल्या तिळाचा कडूपणा चावताना लगेच जाणवतो.

लाडू मऊ आहे, बोटाला चिकटतो, ताटलीत ठेवला की खालून बसका होतो: पाक कच्चा राहिला, किंवा गुळातच खोट आहे.

लाडू वळताना धरत नाही, हातातून भुगा पडतो: पाक कमी पडला, कूट फार बारीक झालं, किंवा मिश्रण वळण्याआधीच गार झालं.

पहिले दहा-पंधरा लाडू सुरेख, नंतरचे वळेनात: पाकात काहीही चुकलेलं नाही. तुम्ही थेट थंडीबद्दलच्या भागावर जा.

केला त्या दिवशी खुसखुशीत, तिसऱ्या दिवशी चिकट: हा साठवणीचा प्रश्न आहे.

लक्षण ओळखणं महत्त्वाचं, कारण कडक लाडवाचा आणि चिकट लाडवाचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहे. कडक लाडू करणारी बाई मैत्रिणीचं ऐकून पाक आणखी शिजवते, कारण मैत्रिणीचे लाडू चिकट होत होते. मग घरातली म्हातारी विचारते, "हाऊ लाडू शे का दगड, व माय?"

पैसे न लागणारी पहिली तपासणी: थांबा

गरम लाडवावरून निकाल देऊ नका. गुळाचा पाक गार होईपर्यंत आपला खरा स्वभाव दाखवत नाही. वळल्यावर लगेच मऊ वाटणारा लाडू दोन तासांनी बरोबर होतो, आणि घाबरून तोच घाणा पुन्हा गॅसवर चढवला की तो हमखास दगड होतो. ताटात एकेक सुटा ठेवा, वर काही झाकू नका, पूर्ण गार होऊ द्या. मग एक तोडून बघा.

याच वेळी डबाही बघून घ्या. लाडू कोमट असताना डबा बंद केला तर आतली वाफ झाकणाला लागते आणि तेच पाणी लाडवांवर पडतं. गूळ हवेतलं पाणी ओढतो, मग डब्यातलं का सोडेल? खानदेशातली जानेवारीची हवा कोरडी असते, त्यामुळे एरवी आपल्याकडे लाडू चांगले टिकतात. पण मध्येच आभाळ भरून आलं, अवकाळी शिंतोडा पडला, की त्या दिवशीचे लाडू उघड्यावर ठेवू नका. गार झाले की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा.

दुसरी तपासणी: पाण्यातली गोळी

एवढी एकच तपासणी करायची असेल तर ही करा.

वाटीत गार पाणी घ्या. पाक उकळायला लागला की चमच्याच्या टोकाने त्यातला थेंब पाण्यात सोडा, दोन-तीन सेकंद थांबा, मग बोटांनी गोळा करा. थेंब विरघळून पाणी तांबूस झालं तर पाक कच्चा. तळाशी बसला पण बोटात धरताना पसरला तरी अजून कच्चा. मऊ गोळी झाली, दाबली तर चपटी होते पण तुटत नाही, म्हणजे मऊ लाडवाचा पाक झाला. गोळी घट्ट झाली, वाटीच्या कडेवर टाकली तर टण् आवाज आला, तर तो कडक लाडवाचा किंवा पातळ वडीचा पाक. गोळी चावल्यावर काचेसारखी तुटली तर लाडवासाठी उशीर झाला आहे. त्या पाकाची चिक्की लाटा.

हे का चालतं तेही सांगते, म्हणजे विश्वास बसेल. उकळताना पाकातलं पाणी उडत जातं, आणि पाणी जितकं कमी तितकं तापमान वर चढतं. साखरेचा पाक ११५ अंशांना असतो तेव्हा त्यात साधारण १५ टक्के पाणी असतं. १५० च्या आसपास जेमतेम १ टक्का उरतं. लाडू मऊ की दगड, हे त्या उरलेल्या पाण्यावर ठरतं. म्हणून "दहा मिनिटं शिजवा" असं सांगणारी कृती उपयोगाची नाही. तुमची आच वेगळी, कढई वेगळी, गूळ वेगळा. दहा मिनिटांत तुमच्या पाकात किती पाणी उरलं ते घड्याळाला कळत नाही, पाण्यातल्या गोळीला कळतं.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, वाटीतलं पाणी. दर तपासणीला नवं गार पाणी घ्या. पाच-सहा थेंब पडून कोमट झालेल्या पाण्यात पक्की गोळीही मऊ लागते आणि आपण पाक उगाच पुढे नेतो. माठातलं पाणी चालतं. जानेवारीत नळाचंही पुरेसं गार असतं. दोन, तपासणी चालू असताना गॅस मोठाच ठेवणं. तुम्ही वाटीत बोट घालून उभ्या, आणि तिकडे कढईत पाक पुढे चाललेला. थेंब काढला की आच अगदी मंद करा किंवा कढई बाजूला घ्या. तीन, पहिली तपासणीच उशिरा करणं. पाक मोठ्या, सैल बुडबुड्यांनी उकळत असतो. ते बुडबुडे लहान आणि दाट झाले, फेस वर आला, की तपासायला लागा. तिथून पुढे दर वीस-तीस सेकंदांनी थेंब घ्यायचा.

हवी ती गोळी मिळायच्या किंचित आधी गॅस बंद करा. पाक उतरवल्यावरही कढईच्या उष्णतेने तो थोडा पुढे जातो.

तिसरी: आच आणि कढई

गूळ मोठ्या आचेवर वितळवू नका. बारीक चिरलेला किंवा किसलेला गूळ, त्यात दोन चमचे तूप, आणि मंद आच. मोठे खडे टाकले तर खालचा गूळ करपेपर्यंत वरचा खडा विरघळत नाही, आणि मग करपलेल्या पाकात कच्चा गूळ असा दोन्हीकडचा बिघाड एकाच कढईत होतो. गूळ लवकर विरघळत नसेल तर अर्ध्या किलोला दोन चमचे पाणी घाला. त्याने नुकसान नाही, ते पाणी उकळून निघून जातं, फक्त वेळ थोडा वाढतो.

कढई जाड बुडाची हवी. पातळ बुडाच्या पातेल्यात ज्योत लागते तिथेच पाक तापतो आणि मधोमध काळा होतो. लोखंडी कढई उत्तम, पण ती उष्णता फार वेळ धरून ठेवते, म्हणून तिच्यात पाक आणखी थोडा आधी उतरवायचा. आईच्या लोखंडी कढईत छान होणारे लाडू मुलीच्या नॉनस्टिकमध्ये चिकट होतात, ते याचमुळे. कृती तीच, पण उतरवल्यावरचं शिजणं वेगळं.

चौथी: तराजू काढा

वाटीच्या मापाने तीळ बरोबर येतात, गूळ येत नाही. किसलेला गूळ वाटीत दाबला तर जवळजवळ दीडपट मावतो. म्हणून गूळ नेहमी वजनावर घ्या. घरात काटा नसेल तर दुकानातूनच अर्धा किलोचं वेगळं पुडकं बांधून आणा.

माझं प्रमाण असं: तीळ ५०० ग्रॅम, चिक्कीचा गूळ ५०० ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट २०० ते २५० ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, वेलदोड्याची पूड. म्हणजे कोरडा माल साधारण तीन भाग तर गूळ दोन भाग. आवडत असेल तर त्या कोरड्या मालातच डाळ्या (भाजलेली चणाडाळ) किंवा भाजलेलं किसलेलं खोबरं घ्या, वरून वाढवू नका. भुगा होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: शेवटी "अजून थोडे तीळ मावतील" म्हणून मूठभर घालणं. पाक तीळभरसुद्धा वाढत नाही, त्याला झाकायचे दाणे मात्र वाढतात.

कूट मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवू नका. बारीक पुडीला जास्त पाक लागतो आणि दाणे जोडायला तो उरत नाही. खलबत्त्यात किंवा लाटण्याखाली भरड करा.

पाचवी: तीळ आणि शेंगदाणे

आपल्याकडे खरीपातले नवे तीळ संक्रांतीपर्यंत बाजारात आलेले असतात. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने तापी, पद्मा, जेएलटी-४०८ अशा तिळाच्या जाती दिल्या आहेत, आणि खानदेशातल्या शेतकऱ्यांना ही नावं ठाऊक आहेत. लाडवासाठी मात्र जात कोणती यापेक्षा तीळ कोरडे आहेत का, हे आधी बघा. मूठभर तीळ हातावर चोळा. तळव्याला चिकटले तर त्यांना ओल आहे. धुऊन घेतलेले तीळ घाईत सावलीत वाळवले असतील तर हीच गत होते. ओले तीळ पाकात पडले की त्यांच्यातलं पाणी पाकात जातं, आणि तुम्ही पाण्यातल्या गोळीने नीट ठरवलेला पाक पुन्हा कच्चा होतो. लाडू का चिकटला ते मग कळत नाही, कारण गोळी तर बरोबर होती.

तीळ मंद आचेवर थोडे थोडे भाजा. तडतडायला लागले, फुगले, किंचित रंग बदलला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवले तर गॅस बंद असूनही भाजत राहतात. पॉलिशचे पांढरे तीळ गावरानपेक्षा लवकर भाजतात, म्हणून दोन्ही एकत्र भाजू नका.

शेंगदाणे चाखून घ्या. जुन्या शेंगदाण्याला खवट वास येतो आणि तो गुळातही लपत नाही. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे निवडून फेका. बुरशी पुसून किंवा भाजून दाणा वापरण्याजोगा होत नाही. बुरशीचं विष भाजण्याने पूर्ण जात नाही.

आणि हे लक्षात ठेवा: पाकात घालायच्या वेळी तीळ आणि कूट कोमट असायला हवं. सकाळी भाजून ठेवलेले गार तीळ दुपारी गरम पाकात घातले की पाक जागच्या जागी घट्ट होतो, मिश्रण धड ढवळलंही जात नाही, आणि अर्धे तीळ कोरडेच राहतात. पाक चढवला की दुसऱ्या शेगडीवर तीळ दोन मिनिटं हलके गरम करून घ्या.

सहावी: थंडी आणि हाताचा वेग

धुळे-जळगावकडे जानेवारीच्या पहाटे पारा बऱ्याचदा दहाच्या खाली उतरतो, आणि दुपारी ऊन चांगलं तापतं. लाडू करायला बसायचं ते दुपारीच. पहाटे पाचला उठून, स्वयंपाकघरात थंडगार फरशीवर परात ठेवून लाडू वळायला घेतले, तर परातीचा थंड तळच पाक गोठवतो. पहिले दहा लाडू छान आणि पुढचे वळेनात, ते यामुळे.

उपाय सोपा आणि बिनपैशाचा आहे. मोठ्या पातेल्यात कडकडीत गरम पाणी घ्या, त्यावर परात ठेवा आणि मिश्रण त्या परातीत काढा. खालची वाफ मिश्रण मऊ ठेवते. परातीत पाण्याचा थेंब जाता कामा नये. परात पातेल्यापेक्षा रुंद असेल तर वाफ कडेने बाहेर जाते, आत येत नाही. हाताला तूप लावा. पाणीही चालतं, पण अगदी पुसटसं. ओल्या हाताने वळलेला लाडू वरून चिकट राहतो.

दुसरं म्हणजे घाणा लहान घ्या. एकटीने वळायचे असतील तर एका वेळी पाव किलो गुळापेक्षा जास्त पाक करू नका. घरात चार हात असतील तर अर्धा किलो. संक्रांतीचे लाडू एकटीने वळूच नयेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. सासू, जाऊ, शेजारची पोर, जो असेल त्याला बसवा. लहान मुलांना मात्र मिश्रण हाताला सोसेल इतकं निवल्यावरच जवळ येऊ द्या.

सातवी: गूळ बदलून बघा

इथपर्यंत सगळं बरोबर असून लाडू बिघडत असतील तरच गुळाकडे या, कारण इथून पुढे पैसे लागतात.

दुकानात दोन प्रकारचा गूळ मिळतो: साधा आणि चिक्कीचा. चिक्कीचा गूळ चिकट असतो आणि गार झाल्यावर कडक धरतो, म्हणून त्याला कमी शिजवावं लागतं. साध्या गुळाच्या सवयीने चिक्कीचा गूळ शिजवला तर लाडू दगड होणारच. उलट, पुरणपोळीसाठी आणलेला साधा गूळ चिक्कीच्या अंदाजाने उतरवला तर लाडू बसतात. जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या पाचकंदीलला घ्या नाहीतर गावातल्या किराण्यात, पुडकं घेताना नुसतं "गूळ द्या" म्हणू नका, कशासाठी हवा ते सांगा. घरी आल्यावर पुडक्यावर लिहून ठेवा, कारण चार दिवसांनी दोन्ही सारखेच दिसतात.

कधी कधी पाक कितीही शिजवला तरी गोळी होतच नाही, नुसता चिकट राहतो आणि शेवटी करपतो. हा गुळाचाच दोष. उसाच्या रसातल्या साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडलेला असतो. ऊस तोडून बरेच दिवस पडून राहिला, आडवा पडलेला होता, किंवा गूळ जुना होऊन ओलसर झाला, की हा मोडलेला भाग वाढतो. तो हवेतलं पाणी ओढतो आणि पाकाला घट्ट धरू देत नाही. असा गूळ ढेपेला घाम आल्यासारखा दिसतो, बोट लावलं की ओलं लागतं. तो चहाला, आमटीला, पुरणाला वापरा. लाडवाचा हट्ट सोडा.

पुडकं मोठं आणण्याआधी पाव किलो आणा. त्यातला लिंबाएवढा खडा चमचाभर तुपात छोट्या कढल्यात वितळवा आणि पाण्यातली गोळी बघा. दोन-तीन मिनिटांत नीट गोळी झाली तर तो गूळ घ्या. चाखूनही बघा: खारट लागला तर नको. रंगाने फसू नका. लख्ख पिवळा गूळ चांगला असतो ही समजूत चुकीची आहे, रंग उजळवायला रसायनंही वापरली जातात. तपकिरी गुळाचे लाडू दिसायला गडद होतात, चवीला कमी नसतात.

खाण्याचा सोडा चिमूटभर घातला तर पाक फसफसतो. गुळात थोडा आंबटपणा असतो, त्याच्याशी सोडा मिळून वायू तयार होतो, ते बुडबुडे पाकात अडकतात आणि लाडू खुसखुशीत होतो. कडक लाडवांचा त्रास असणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं: अर्धा किलो गुळाला खरोखरची एक चिमूट, गॅस बंद केल्यावर, तीळ घालायच्या आधी. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो.

आठवी: थर्मामीटर

दरवर्षी मोठ्या प्रमाणावर लाडू करणाऱ्यांनी, गटाने ऑर्डर घेणाऱ्यांनी पाकाचा थर्मामीटर घ्यावा. घरच्या दोन घाण्यांसाठी त्याची गरज नाही. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, तो फुटेल. मऊ लाडवाला ११५ ते १२० अंश, पातळ खुसखुशीत वडीला १३५ ते १४५. गुळानुसार थोडं इकडे-तिकडे होतं, म्हणून पहिल्या घाण्याला पाण्यातली गोळीही सोबत बघा आणि तो आकडा पुडक्यावर लिहून ठेवा. टोक कढईच्या तळाला टेकवू नका, तळाचं तापमान पाकापेक्षा जास्त असतं.

आणला की आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आपल्या तापी खोऱ्यात तो १०० च्या जवळ दाखवायला हवा. ९७ दाखवला तर तो ३ अंश मागे आहे, मग पाकही त्याच्या आकड्यावर ३ अंश आधीच उतरवा. तोरणमाळसारख्या उंचावर पाणीच ९६ च्या आसपास उकळतं. तिथे पाकही तितकाच आधी उतरवायचा.

बिघडलेल्या घाण्याचं काय करायचं

कडक झाला, पण करपला नाही: लाडू बत्त्याने फोडा, जाड कढईत टाका, अर्धा किलोला दोन-तीन चमचे पाणी आणि चमचाभर तूप घाला, अगदी मंद आचेवर गूळ सुटेपर्यंत हलवा. गुळाची पाण्यातली गोळी बघायची, मऊ झाली की लगेच उतरवायचं. तीळ दुसऱ्यांदा तापतात, म्हणून हे एकदाच करा. नको असेल तर भुगा करून गुळाच्या पोळीच्या सारणात घाला, छान लागतो.

चिकट झाला: पुन्हा शिजवायला जाऊ नका, तीळ जळतील. लाडू भाजलेल्या तिळात किंवा कुटात घोळवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. नाहीतर ताटाला तूप लावून मिश्रण थापा, वड्या पाडा.

भुगा झाला: थोडा गूळ तुपात वितळवून मऊ गोळीचा पाक करा, कोमट केलेल्या भुग्यात घाला, परात गरम पाण्यावर ठेवून वळा.

करपला: टाकून द्या. सोडा, दूध, वेलदोडा, काहीही घालून तो कडूपणा जात नाही. त्यात चांगले तीळ आणखी घालून तेही वाया घालवू नका.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा

ज्योत निळीऐवजी पिवळी येत असेल, कढईचं बूड काळं होत असेल, एका बाजूने पाक करपत असेल, तर दोष शेगडीचा आहे. शेगडी पूर्ण गार करून बर्नर काढा, छिद्रं पिनेने मोकळी करा, धुवा, पूर्ण वाळवा, बरोबर बसवा. एवढं घरी करायचं. यानंतरही ज्योत पिवळीच राहिली तर पुढे हात लावू नका, आतला जेट किंवा हवेची पट्टी स्वतः फिरवू नका. गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. रबरी नळीला चिरा असतील किंवा तिची पाच वर्षांची मुदत संपली असेल तर तीही त्याच फेरीत बदलून घ्या.

गॅसचा वास आला तर लाडू राहू द्या. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, बाहेर पडा आणि १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा.

पाक अंगावर पडला तर तो नुसत्या गरम पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो पाण्याहून तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरा आणि २० मिनिटं धरून ठेवा. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेला पाक ओढून काढू नका, पाण्याने तो आपोआप विरघळतो. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नका. भाजलेली जागा स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहऱ्यावर, सांध्यावर किंवा हाताच्या बोटांवर असेल, किंवा भाजलेलं माणूस लहान मूल असेल, तर घरी वाट बघू नका. स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा.

लाडू चावताना दात दुखला, टवका उडाला किंवा कवळी हलली, तर दातांच्या डॉक्टरकडे जा. नंतर बरं वाटलं म्हणून सोडून देऊ नका, तडा गेलेला दात पुढे जास्त त्रास देतो. घरात कवळीचं माणूस असेल तर त्यांच्यासाठी पाच-सहा लाडवांचा मऊ पाक वेगळा उतरवा, पहिल्या मऊ गोळीवर. तीळ खाल्ल्यावर कुणाला ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, दम लागणं असं झालं, तर ते लगेच डॉक्टरचं काम आहे. ॲलर्जी तिळाचीही असते, शेंगदाण्याचीही.

लग्नघराची किंवा गावजेवणाची ऑर्डर आली, पाच किलोच्या वर पाक करायचा आहे, तर पहिल्यांदा हलवायाला किंवा स्वयंपाकाच्या आचाऱ्याला सोबत घ्या. एवढा पाक घरच्या शेगडीवर सारखा तापत नाही, आणि उकळती मोठी कढई दोघांनी उचलणं ज्याच्या सवयीचं आहे त्याच्याच हाती शोभतं. त्याच्या बाजूला उभं राहून तो कोणत्या क्षणी कढई उतरवतो ते बघा, आणि त्याच वेळी तुमच्या वाटीतही एक थेंब टाका.